एक दगड आणि न दिलेलं टिंब

प्रवासवर्णन लिहायचं तर प्रवासात निदान एक विमान हवं, असा आमच्या धारगळच्या वाचनालयात समज आहे. शनिवारच्या बैठकीत आजवर स्वित्झर्लंड तीनदा वाचून झालं, दुबई दोनदा, आणि काशी तर इतक्या तपशिलात, की ऐकणाऱ्यांचे पाय दुखले. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, "मी डिचोली, वाळपई आणि लाटंबार्से असा प्रवास केलाय."

"आनी फुडें?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"पुढे परत धारगळ."

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्या समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "शोभाताय, थंय बस वता गो."

बस जाते हे मलाही ठाऊक आहे. मी बसनेच गेले होते. पण काशीला जाऊन आलेल्यांपैकी कोणाला टोपलीखाली कोंबडी कोंडून ठेवावी लागली नव्हती, म्हणून लिहिते.

आधी कारण सांगायला हवं. माझा थोरला भाऊ दत्ताराम, म्हणजे दादा, गेल्या श्रावणात वारला. आयुष्यभर त्यानं डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला आणि फावल्या वेळात थापा मारल्या. चोर्ला घाटात एका वाघानं त्याच्या ट्रकला साइड दिली होती. तिळारीच्या पाण्यात त्यानं एक मासा पकडला होता, तो मासा त्याला नावानं ओळखत होता. मी शाळेत ग्रंथपाल. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला क्रमांक आणि कपाट. आमचं कसं जमणार? त्याच्या चिठ्ठ्या यायच्या त्यांत मी लाल पेनानं अनुस्वार द्यायची आणि पुढच्या भेटीत त्या परत करायची. तो हसून खिशात घालायचा.

जायच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला. "शोभी, तुज्यासाठी एक फातर दवरलोसा. तो पाणी पिता."

मी तेव्हा वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांना कव्हरं घालत होते. "दगड पाणी पितो," मी म्हटलं, "आणि दादा, तू काय पितोस?" फोन ठेवला.

आमचं शेवटचं बोलणं हे.

बाराव्या दिवशी वहिनीनं माझ्या हातात एक सुपारीची डबी दिली. आत कापूस, कापसात चिंचोक्याएवढा एक पांढरा, मातकट चमकेचा दगड, आणि विडीच्या बंडलाच्या कागदावर दादाच्या अक्षरात दोनच शब्द: "ओपल शोभीक". शोभीक म्हणजे शोभीला. आमच्याकडे 'ला'चा 'क' होतो. ओपल म्हणजे काय ते पुस्तकात शोधलं. ओपल हे रत्न. त्याच्या आत थोडं पाणी असतं, असं पहिल्याच ओळीत होतं.

झालं. म्हणजे तो खरं सांगत होता आणि मी त्याला दारुडा म्हटलं. किंवा ही त्याची शेवटची थाप होती, आणि मग मी काही वाईट बोलले नव्हते. दोन्हींतलं कुठलं निघालेलं मला बरं वाटेल तेही ठरवता येत नव्हतं. आठ महिने डबी उशाशी ठेवली. चैत्र लागला तेव्हा उठले आणि निघाले.

*पहिला दिवस: डिचोली*

धारगळ ते म्हापसा आणि म्हापसा ते डिचोली यांत सांगण्यासारखं काही नाही. डबी मी पर्समध्ये, पर्स पिशवीत आणि पिशवी मांडीवर ठेवली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "अस्थी गो बाय?" मी नाही म्हटलं, तरी त्या थोड्या सरकून बसल्या.

वहिनी दारातच उभी होती. ती दोडामार्गची, मालवणी बोलणारी; तिच्या घरात गप्प बसलेलं माणूस तिला आजारी वाटतं. मी तिच्यापेक्षा लहान असूनही ती मला अहोजाहो करते.

"वन्सं, आधी खावा. फातर काय पळान जाता?"

आमच्या धारगळला पातळभाजीबरोबर आम्ही पाव खातो. डिचोलीत वहिनीकडे पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे उंडे येतात, वरून टणक आणि आत मऊ. मी दोन खाल्ले. तिनं चार वाढले होते, म्हणून मी आजारी ठरले.

मग आम्ही बाजारातल्या एका सोनाराकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, चष्म्यावर भिंग, भिंगावर हळदीचा डाग. दुकानात आणखी एक बाई पैंजण बघत बसल्या होत्या. मी हळू आवाजात म्हटलं, "हा ओपल आहे का, ते बघायचंय."

"ओपल!" ते मोठ्यानं म्हणाले. "शुक्राचो खडो. शुक्र बळकट जालो की लग्न जुळटा. कोणा खातीर जाय?" जाय म्हणजे पाहिजे.

"माझ्याकडे आहे. माझाच."

पैंजणवाल्या बाईंनी पैंजण खाली ठेवले.

"वय कितें तुमचें?"

"एकसष्ट. पण मला लग्नासाठी..."

"तसां नाय ओ शेटानू," वहिनी माझ्या मदतीला धावली. "वन्संचां लगीन जावंकच नाय अजून."

त्या 'अजून'नं घात केला. सोनारांनी माझ्याकडे फार कौतुकानं पाहिलं. पैंजणवाल्या बाई म्हणाल्या, "बरें केलें गो. सोबत जाय मनशाक."

सोनारांनी दगड उजेडात धरला, फिरवला, वास घेतला, आणि मी काही म्हणायच्या आत जिभेवर ठेवला. "खरो खडो जिबेक थंड लागता," असं ते सांगू लागले, पण 'लागता' हा शब्द नीट आलाच नाही. दगड जिभेला चिकटला होता.

"आ... आआ..."

"काय म्हणतत?" वहिनी.

"चिकटलाय," मी म्हटलं.

त्यांनी दोन बोटांनी ओढला. जीभ बरोबर आली. पैंजणवाल्या बाई उठून त्यांच्या पाठीत धपाटा घालू लागल्या, हा उपाय ठसक्याचा आहे हे त्यांना कोणी सांगेना. शेवटी दगड सुटला. त्याच्यावर जिभेनं ओला झालेला एक ठिपका होता, तेवढाच भाग मेणासारखा, आरपार दिसतोय की काय असा. मी घाईनं पदरानं पुसला. बाहेर येईपर्यंत ठिपका गेलाही. त्यावरून मला काही सुचायला हवं होतं, पण त्या वेळी नुसती किळस आली होती.

"चुन्याचो खडो," सोनार जीभ चोळत म्हणाले. "खऱ्या ओपलांत रंग नाचतात. ह्या खड्यांत कोण नाचता? पानाक लाव आनी खा."

दादानं मला चुना लावला, असा विनोद वहिनीला सुचला असणार. तिचे ओठ हलले. पण ती बोलली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती प्रथमच काहीतरी न बोलता राहिली, आणि मला तिच्याबद्दल फार माया वाटली.

*दुसरा दिवस: वाळपई*

वाळपईला गांवस सर राहतात. ते भूगर्भशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त होऊन पोफळीची बाग बघतात. आमच्या शाळेत एकदा व्याख्यानाला आले होते, तेव्हा त्यांनी खडूचा तुकडा उचलून "हा कोणाचा सांगाडा आहे?" असं विचारून पाचवीच्या मुलींना रडवलं होतं. माणूस भरवशाचा.

साखळी गाव सोडलं की हवा बदलते. आमच्याकडे लाल माती आणि जांभा दगड. सत्तरी तालुक्यात वर चढावं तसा डोंगराच्या कडेला काळा दगड दिसू लागतो. वहिनी संपूर्ण वाटभर जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी बसून दादानं कुठे कुठे ट्रक अडकवला होता ते दाखवत होती. प्रत्येक वळणावर एकदा तरी अडकवला होता.

सरांच्या अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. त्यांनी दगड पाहिला, चाटला नाही, याबद्दल मी मनातल्या मनात आभार मानले.

"आधी ओपल म्हणजे काय ते ऐका," ते म्हणाले, "नाहीतर मी सांगेन ते तुम्हांला पटणार नाही. पावसाचं पाणी दगडातून झिरपतं. जाताना दगडातली सिलिका, म्हणजे वाळूचा जो जीव आहे ना, तो थोडा विरघळवून नेतं. खाली एखादी फट असते, पोकळी असते. तिथे पाणी थांबतं. हळूहळू पाणी जातं आणि सिलिकेचे बारीक बारीक गोल कण तळाशी बसतात. किती बारीक? तुमच्या केसाच्या जाडीत दोनशे-तीनशे कण मावतील."

"ह्यांच्या केसात?" वहिनीनं माझ्या विरळ अंबाड्याकडे बघत विचारलं.

"कोणाच्याही. आता हे बघा." त्यांनी एक लाकडी पेटी ओढली आणि तिच्यात सुपाऱ्या रचू लागले. सगळ्या एका मापाच्या, एकाला एक खेटून, थरावर थर. "कण असे सारख्या मापाचे असले आणि शिस्तीत बसले, तर त्यांच्यामधल्या फटीही शिस्तीत राहतात. उजेड त्यांतून जाताना फुटतो आणि रंग दिसतात. कण मोठे असले तर तांबड्यापर्यंत, बारीक असले तर निळ्यावरच थांबतं. दगड हलवला की रंग हलतात. हा मौल्यवान ओपल." मग त्यांनी लहानमोठ्या सुपाऱ्यांची ओंजळ पेटीत तशीच ओतली. "आणि हा साधा ओपल. माल तोच. रचना नाही. म्हणून रंग नाही, नुसता दुधट."

मी म्हटलं, "म्हणजे एकीकडे प्रार्थनेच्या रांगा, आणि दुसरीकडे तीच मुलं मधल्या सुट्टीत."

सर माझ्याकडे बघत राहिले. "पस्तीस वर्षं मी सुपाऱ्या वापरल्या," ते जरा दुखावून म्हणाले.

मग त्यांनी बायकोला सोलकढी आणायला सांगितली आणि प्रकारांकडे वळले. ऑस्ट्रेलियात फार जुन्या समुद्राच्या गाळात ओपल तयार झाला. तिथला काळा ओपल सगळ्यांत नावाजलेला, कारण काळ्या अंगावर रंग उठून दिसतात. काही ठिकाणी तो लोहदगडाच्या भेगांत पातळ थरासारखा बसतो, आणि मग दगडासकटच कापतात. मेक्सिकोत ज्वालामुखीच्या दगडात अग्नी ओपल सापडतो, कोकमाच्या सरबतासारखा तांबूस आणि बराचसा आरपार. एक काचेसारखा, अगदी बिनरंगी असतो. विशिष्ट दिव्याखाली तो हिरवा चमकतो. वहिनी मन लावून ऐकत होती. काळा ओपल आपल्याला नको, दृष्ट लागेल, असा तिचा निर्णय झाला.

"आणि लाकडाचा ओपल," सर म्हणाले. "झाड गाळात गाडलं जातं. लाकूड कुजत जातं आणि त्याच्या जागी कणाकणानं सिलिका बसते. शेवटी झाडाचं काहीही उरत नाही, पण साल, वर्तुळं, गाठी, सगळं जिथल्या तिथे दिसतं."

झाडाऐवजी माणूस असलं तर, असं मला विचारायचं होतं. त्याऐवजी सोलकढी घेतली.

"आणि हा?" वहिनीनं डबी पुढे केली.

"सत्तरीच्या वरच्या अंगाला काळा दगड आहे, लाव्हाचा. त्याच्या पोकळ्यांत असलं काही सापडू शकतं. पण हा डोंगरातून आलाय की कोणाच्या भिंतीतून पडलाय, मला कसं कळणार? खंय मेळ्ळो तें कळ्ळें जाल्यार अर्धें काम जातलें." सर तावात आले की कोकणीत जातात. "दुसरा उपाय म्हणजे याला पाणी पाजायचं."

मी सोलकढी खाली ठेवली. "काय पाजायचं?"

"पाणी. एक जात अशी आहे, तिच्या अंगात इतकी बारीक छिद्रं असतात की ती पाणी शोषते. कोरडी असताना पांढरी, जिभेला चिकटते. पाण्यात टाकली की हळूहळू आरपार होते, दिसेनाशीच होते जवळजवळ. वाळली की परत पांढरी. चुनाही जिभेला चिकटतो, पण तो काही आरपार होत नाही. हा झाला, तर ओपल. न झाला, तर पांढरा दगड."

"दादा म्हणाला होता, तो पाणी पितो."

"मग टाकूया की." सर पेला घेऊन उठले. "फक्त, असले दगड कधी कधी पाणी पिताना तडकतात. सगळे नाही. पण दोन तुकडे जाले जाल्यार म्हाका सांगूं नाकात."

मी डबीचं झाकण लावलं. सर पेला धरून उभे. वहिनी माझ्याकडे बघत होती. एक पेला पाणी. त्यात आठ महिन्यांचं उत्तर होतं. मी म्हटलं, "आधी तो सापडला कुठे ते विचारू."

"कोणाक?" सर म्हणाले.

वहिनीनंच उत्तर दिलं. "पांडूक."

*तिसरा दिवस: लाटंबार्से*

पांडू म्हणजे पांडुरंग, दादाचा जोडीदार. तो सिंधुदुर्गातून खाणीवर आला, दादाच्या ट्रकमागे वर्षानुवर्षं आपला ट्रक चालवला, आणि खाणी थांबल्या तेव्हा लाटंबार्शात काजूच्या बागेत स्थिरावला. चैत्रात त्याच्याकडे भट्टी लागलेली असते. गावात शिरतानाच काजूचा आंबूस, गोड वास नाकाला लागतो, आणि घरी परतल्यावर दोन दिवस साडीला राहतो.

पांडूनं आम्हांला पाहिलं आणि हातातलं काजूचं फळ टाकून धावत आला. वहिनीला नमस्कार केला. मग माझ्या मागे डोकावून पाहिलं.

"न्हवरो खंय असा?"

"कोणाचा नवरा?"

"तुजो गो बाय! परवा माझी शेजारीण डिचोलीसून इली, पैंजण घेवन. म्हणाली, दत्तूच्या भयणीन खडो घेतल्यान, लगीन ठरला. मी कोंबो राखून ठेवलंय."

खुलासा करायला वीस मिनिटं लागली. पांडूला तो पटला, पण आवडला नाही. कोंबडा वाचला.

दुपारचं जेवण ओल्या काजूगरांच्या उसळीचं. आमच्याकडे तिच्यात बटाटा घालतात. इथे ते महापाप. जेवण झाल्यावर आम्ही अंगणातल्या काजूच्या सावलीत सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर बसलो. पांडूनं तीन काचेचे पेले आणले आणि भट्टीवरून हुर्राक ओतली. काजूच्या रसाची ही पहिल्या वाफेची दारू, दिसायला निव्वळ पाणी. मी घेत नाही. पण पाहुण्यानं पेला हातात धरावा एवढी रीत पाळून तो बाजूला सोप्याच्या कडेवर ठेवला. वहिनीनं औषधापुरती घेतली. तिला बरंच औषध लागलं.

मी डबी उघडली, दगड मांडीवर काढून ठेवला आणि चिठ्ठी पांडूला दिली. "हा ओपल त्याला कुठे मिळाला, एवढंच सांग."

पांडूनं चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली. "ओपल? ओपल खंय असा हेच्यात?"

"हे काय. ओपल शोभीक."

"अगो बाय," तो हसायलाच लागला. "ह्या 'ओंपलें' असा! ओंपलें शोभीक. म्हणजे शोभीक दिलां, तिच्या नावार केलां. तेच्या ट्रकाच्या कपाळार काय होतां? 'ओंपलें आवयक', म्हणजे आयेक वाहिलां. पेंटरान बरोबर टिंब दिल्यान होता. दत्तू म्हणता, ह्या पुसून काड, माशी बसल्यासारखी दिसता! शब्दाच्या शेवटची मात्रा तर तेका जल्मात कधी गावूक नाय."

मी त्या ट्रककडे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्यावरचं शुद्धलेखन मला सोसत नसे.

आता काय झालं ते वाचकांनी समजून घ्यावं. दादानं हा दगड ओपल आहे असं कधी म्हटलंच नव्हतं. सोनाराची जीभ, सरांच्या सुपाऱ्या, माझं लग्न, हे सगळं एका टिंबावरून घडलं होतं. आणि ज्या बाईनं त्याच्या प्रत्येक चिठ्ठीत लाल पेनानं टिंबं दिली, तिनं शेवटच्या एका चिठ्ठीत ते दिलं नव्हतं. रत्नाच्या नादात सरळ वाचून मोकळी झाली होती.

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात काजूवरून एक हुमलो माझ्या मानेवर पडला. हुमलो म्हणजे तांबडा मुंगळा. तो चावताना विचार करत नाही. मी किंचाळून उभी राहिले आणि मांडीवरचा दगड उडाला.

"खंय गेलो?"

तिघंही गुडघ्यांवर. अंगणात पडलेली काजूची फळं, सुकी पानं, काटक्या. पांढरा दगड चटकन दिसायला हवा होता, पण कुठेच दिसेना. वहिनी एकदम ओरडली, "ती बघा! तिणा गिळल्यान!" एक तांबडी कोंबडी मान उंचावून काहीतरी घशाखाली उतरवत होती.

वहिनी साठीच्या पुढे आहे. तिनं त्या कोंबडीचा पाठलाग भट्टीभोवती दोनदा, विहिरीभोवती एकदा आणि शेवटी स्वयंपाकघरातून केला. पांडू मागून ओरडत होता, "वयनी, ती अंडी घालता! रोज घालता!" कोंबडी टोपलीखाली कोंडण्यात आली. वहिनी टोपलीवर बसली.

"उद्यापर्यंत हंयच बसतंय. कधीतरी भायर येतलोच."

"आणि नाय इलो तर?" पांडूनं भीत भीत विचारलं.

वहिनीनं विळीकडे पाहिलं. पांडूचा चेहरा पडला.

मी सोप्यावर बसून होते. दगड गेला, दादाची चिठ्ठी मला वाचता आली नव्हती, आणि तो खरं बोलत होता की नाही हे आता एका कोंबडीच्या पोटात होतं. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते हसू नाही हे माझ्या लक्षात आलं, आणि पांडूच्याही. तो गोंधळला. बाईमाणूस रडायला लागलं की काय करायचं हे त्याला ठाऊक नसावं. त्यानं माझ्या शेजारचा, मी अर्धा तास तसाच ठेवलेला पेला उचलला.

"ह्यो कशाक फुकट घालवचो," असं पुटपुटत त्यानं एका घोटात रिकामा केला. आणि थांबला. गाल फुगवला. दाताशी काहीतरी खडखडलं.

"हेच्यात बरफ कोणी घातल्यान?"

त्यानं तळहातावर थुंकलं. चिंचोक्याएवढा, पाण्याच्या थेंबासारखा स्वच्छ तुकडा. त्याच्यातून पांडूच्या हातावरच्या रेषा दिसत होत्या.

"बर्फ आहे तर गार आहे का?" मी विचारलं.

"नाय."

"वितळतोय?"

"नाय." पांडू हाताकडे बघत हळूच खाली बसला. "अगो, ह्यो तोच. वाळपयच्या वाटेर आमी व्हाळात ट्रक धुयत होतंव. काळो धोंडो फुटलेलो, तेच्यात ह्यो गावलो, असोच, काचेसारखो. घराकडे नेयसर पांढरो झालो. दत्तून परत पाण्यात टाकल्यान, परत काच. दिसभर टाकी नि काढी, टाकी नि काढी. म्हणा होतो, पांडू, ह्यो पाणी पिता, शोभीक दितलंय, ती पुस्तकात बघून नाव सांगतली."

टोपलीखालून कोंबडी तेवढी बोलत होती.

मी दगड हातात घेतला. तडा गेला नव्हता. कडेला हळूहळू धुकं धरू लागलं होतं. मी पुस्तकात पाहिलं होतं. नाव बरोबर सांगितलं होतं. चुकून.

"ओपल आहे," मी म्हटलं. "साधा. मधल्या सुट्टीतला. पण पाणी पितो."

"पाणी खंय?" टोपलीवरून वहिनी म्हणाली. "हुर्राक पियालो! ह्यांचोच फातर तो, सांगूक नको."

ती हसली, मग पदर तोंडाला लावला. पांडू दुसरीकडे बघत भट्टीतली लाकडं सारू लागला.

*परत धारगळ*

तिठ्यावर उतरले तेव्हा वहिनीचा फोन आला. आम्ही निघताना कोंबडीला सोडायचं राहून गेलं होतं. पांडूला संध्याकाळी आठवलं. टोपलीखाली अंडं होतं. त्यानं ते माझ्या नावानं ठेवलं आहे, आणि न्हवरो मेळलो तर दोघांनी येऊन खावं, असा निरोप आहे.

दगड दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुन्हा पांढरा झाला. हुर्राकचा वास मात्र राहिला. सरांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, असल्या दगडांना साध्या पाण्याशिवाय काही देऊ नये, डाग पडतात, आणि मी त्याला पहिल्याच घोटाला दारू पाजली हे ऐकून त्यांना वाईट वाटलं.

मग चिठ्ठी काढली. लाल पेनाचं टोपण उघडलं. 'ओ'वर टिंब, 'ल'वर मात्रा आणि टिंब. तीन फटकाऱ्यांचं काम. पेन कागदाच्या वर धरून बराच वेळ बसले. टिंब दिलं तर दादाचं वाक्य पुरं होत होतं, पण ओपल खोडला जात होता. आणि हा एकच शब्द असा, की त्यानं चुकीचा लिहूनही बरोबर ठरला.

टोपण लावलं. चिठ्ठी तशीच डबीत ठेवली.

नंतर पेल्यात पाणी भरून दगड आत सोडला. थोड्या वेळानं पेला नुसताच पाण्याचा दिसू लागला. दूधवाली आली, तहान लागली म्हणाली, आणि मेजावरच्या पेल्याकडे हात नेला.

"तो नको," मी म्हटलं. "तो दादा पितोय."